शेततळ्यात वीज केंद्राच्या चिमणीचं प्रतिबिंब: रात्रीचा लाँग एक्स्पोजर कसा घ्यावा

भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या लांबूनच दिसतात. अवघड असतं ते त्यांच्या प्रतिबिंबासाठी निवांत पाणी मिळणं. शटर जास्त वेळ उघडं ठेवलं की पाण्याचा आरसा होतो, हा मोठा गैरसमज आहे. ३० सेकंदांत लाटा गुळगुळीत होतात हे खरं, पण दिव्यांचं प्रतिबिंब उभ्या पट्ट्यांत ओघळतं. रेखीव प्रतिबिंब हवं तर पाणीच निवांत हवं. तापीच्या रुंद पात्रावर वारा मोकळा फिरतो. त्यापेक्षा केळीच्या बागांमधलं शेततळं चांगलं.

तळं काठोकाठ भरलेलं निवडा. पाणी खाली गेलं असेल तर समोरच्या बांधाचंच काळं प्रतिबिंब पाण्यात पडतं आणि चिमणीच्या प्रतिबिंबाचा खालचा भाग गिळतं. मालकाची परवानगी घ्या आणि मोटर कधी चालू होते तेही विचारा. पाणी उपसणं सुरू झालं की तरंग उठलेच.

प्रतिबिंब नेमकं कुठे पडेल, याचा हिशेब घरीच करता येतो. चिमणीपर्यंतचं अंतर गुणिले कॅमेऱ्याची पाण्यापासूनची उंची, भागिले चिमणीची उंची. समजा चिमणी २०० मीटर उंच, २ किलोमीटर लांब आणि कॅमेरा पाण्यापासून १ मीटर वर आहे. मग चिमणीच्या टोकाचं प्रतिबिंब तुमच्यापासून १० मीटरवर पडेल. कॅमेरा अर्ध्या मीटरवर आणला तर ५ मीटरवर. कॅमेरा जितका खाली, तितका प्रतिबिंबात समोरच्या बांधाचा अडथळा कमी. एवढ्या अंतरावरून चिमणी आणि प्रतिबिंब दोन्ही बसवायला फुल फ्रेम कॅमेरा उभा धरून १३५ मिमी लेन्स पुरते.

ट्रायपॉड बांधाच्या मातीवरच रोवा. तळ्याच्या प्लास्टिक कागदावर तो ठेवला तर टोकांनी कागद फाटतो. तुम्हीही त्या उतारावर पाय टाकू नका. ओला कागद इतका निसरडा असतो की आत घसरलेल्या माणसाला पोहता येत असूनही वर चढता येत नाही. एकट्याने जाऊ नका, सोबत दोर ठेवा.

सूर्यास्तानंतर २० ते ३५ मिनिटं हीच खरी वेळ. आकाश निळं असतं, दिवे लागलेले असतात आणि काळ्या आकाशात विरघळणारी चिमणीची कडा अजून दिसते. उजेड असतानाच फ्रेम लावा. लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावरचं थेट दृश्य) मोठा करून चिमणीवरच्या दिव्यावर फोकस करा आणि मॅन्युअलवर टाका. पाण्याच्या पृष्ठभागावर फोकस करू नका. प्रतिबिंबाचा फोकस चिमणीइतकाच लांब असतो. लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हादरे सावरणारी यंत्रणा) बंद करा. पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) काढा, तो प्रतिबिंब फिकं करू शकतो. यूव्ही फिल्टरही काढा, नाहीतर दिव्यांची भुतं, म्हणजे नको असलेल्या फिकट प्रतिमा, उमटतात.

आता चाचणी: आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ६४००, एफ/८ (लेन्सच्या छिद्राचं माप). अर्ध्या सेकंदात फोटो नीट आला, तर आयएसओ १०० वर ६४ पट वेळ, म्हणजे ३२ सेकंद लागतील, ३० ठेवा. रॉमध्येच (प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा, २ सेकंदांचा टायमर लावा. मग १५, ८ आणि ४ सेकंदांचेही घ्या. धुराला आकार कमी वेळातच राहतो, ३० सेकंदांत त्याचा नुसता पट्टा होतो. पिवळ्या सोडियम दिव्यांत लाल चॅनेल आधी फुटतो, म्हणजे त्यातला तपशील जातो, म्हणून हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) तीन रंगांत वेगळा पाहा. व्हाइट बॅलन्स (रंगछटेची सेटिंग) ३००० केल्विनच्या आसपास ठेवला की आकाशाचा निळा टिकतो. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (फोटोतले ठिपके घालवणारी सोय) चालू असेल तर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ अडकून बसतो. निळी वेळ हातची जाते, म्हणून ते बंदच बरं.

थंडीत लेन्सवर दव धरतं. दिव्यांभोवती अचानक धुरकट वलयं दिसली तर आधी काच तपासा आणि कोरड्या कापडाने पुसा.

केंद्राच्या आवारात शिरायचं असेल तर लेखी परवानगी लागते. भुसावळ आणि वरणगावच्या आयुध निर्माणींकडे कॅमेरा वळवूच नका. पावसाळ्यात तापीच्या पात्रातही उतरू नका. हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडायला लागले की खाली पाणी झपाट्याने चढतं.