औषध घातलेलं खाणं माशाच्या पोटात जातंय का? या चुका टाळा

गोड्या पाण्यातला मासा पाणी पितो, पण अगदीच नावाला. त्यामुळे पोटात जंत किंवा जंतू झाले असतील तर टँकमध्ये औषधाचे थेंब टाकून फारसं काही साधत नाही. त्यातून पुण्यात वाघोली-उंड्रीकडे टँकर किंवा बोअरचं जड पाणी वापरत असाल तर टेट्रासायक्लिन गटातली अँटिबायोटिक औषधं पाण्यातल्या कॅल्शियमला चिकटतात आणि वाया जातात. म्हणून औषध खाण्यातून द्यायचं. इथपर्यंत बहुतेकांना कळतं, घोळ पुढे होतो.

पहिला घोळ रोग ओळखण्यात. अंगावर मिठाचे कण पडल्यासारखे पांढरे ठिपके असतील तर औषधी खाणं करूच नका. तो परजीवी कातडीखाली बसलेला असतो आणि पाण्यात मोकळा पोहत असतानाच मरतो, तिथे उपचार पाण्यालाच. पांढरी, दोऱ्यासारखी शी, पोट खपाटीला, खातो पण वाळत चाललाय, असं असेल तर मेट्रोनिडाझोल या पोटातल्या जंतूंवरच्या औषधाचा विचार होतो. गप्पीच्या शेपटीखालून लाल धागे लोंबत असतील तर ते जंत. त्यांच्यावर मेट्रोनिडाझोल चालत नाही. लेव्हामिसोल किंवा फेनबेंडाझोल लागतं, आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. शंका असेल तर पशुवैद्याला विचारा, घरात उरलेली अँटिबायोटिकची पट्टी फोडू नका.

मासा खातच नसेल तर हा सगळा खटाटोप व्यर्थ. भूक मंदावली की लगेच सुरुवात करा.

आता हिशेब. मेट्रोनिडाझोल साधारण १ टक्का घालतात, म्हणजे १०० ग्रॅम खाण्यात १ ग्रॅम. गोळीवरचे ४०० मिलिग्रॅम हे औषधाचं वजन असतं, गोळीचं नव्हे. गोळी त्याहून जड भरते. गोळी कुटून त्यातली ४०० मिलिग्रॅम पूड काट्यावर तोलली, तर औषध कमी जातं. ४० ग्रॅम खाण्याला एक अख्खी गोळी, इतकं सोपं ठेवा.

खाणं आणि औषध एकत्र बांधायला जिलेटिनऐवजी मी चायना ग्रास (अगर-अगर) वापरतो. पुण्याच्या उन्हाळ्यात टँक तिशीला टेकतो, तिथे जिलेटिन लवकर ढिलं पडतं. ४० ग्रॅम वाटलेली कोळंबी (गणेश पेठेतली, समुद्राची), ४० मिली पाण्यात दीड ग्रॅम चायना ग्रास आणि, सगळं मिळून साधारण ८० ग्रॅम खाणं होतं म्हणून, दोन गोळ्यांची पूड. चायना ग्रास उकळून पूर्ण विरघळवा. उकळताना पाणी आटतं, तेवढं पुन्हा भरा. उकळत्यात औषध टाकू नका. बोटाला सोसवेल इतकं होऊ द्या, पण चाळिशीच्या खाली जाऊ देऊ नका, कारण मग ते गोठायला लागतं. माझा पहिला घाणा इथेच बिघडला. कोळंबी फ्रीजमधून काढून थेट ओतली, चायना ग्रासच्या क्षणात गुठळ्या झाल्या आणि औषध एका कोपऱ्यात गोळा झालं. एका तुकड्यात दुप्पट, दुसऱ्यात शून्य. तेव्हापासून कोळंबी अर्धा तास आधी बाहेर काढतो आणि पूड आधी तिच्यातच कालवतो. मेट्रोनिडाझोल कडू असतं, थोडा लसणाचा रस घातला तर मासे कमी कुरकुरतात.

कोरड्या दाण्यांवर औषध शिंपडून देणं हा सोपा मार्ग वाटतो, पण दाणा पाण्यात पडला की बरंचसं औषध पाण्यातच सुटतं.

सगळ्यात जास्त वाया जातं ते मिश्र टँकमध्ये. धट्टेकट्टे मासे तुकडे पळवतात आणि आजारी एंजल मासा कोपऱ्यातून बघत राहतो. त्याला वेगळ्या टँकमध्ये हलवा. आदल्या दिवशी उपाशी ठेवा, मग चिमूटभरच द्या, पाच-दहा मिनिटांत न खाल्लेलं जाळीने काढा, नाहीतर अमोनिया वाढून दुसरंच दुखणं उभं राहील. पाच दिवसांचा कोर्स ठरलाय तर पाचही दिवस हेच खाणं, दुसरं काही नाही. आमच्याकडे आई तिसऱ्या दिवशी ‘बिचारा उपाशी आहे’ म्हणून गुपचूप दाणे टाकायची. मासा अर्थातच दाणे खायचा आणि औषधाकडे बघायचासुद्धा नाही. शेवटी दाण्यांचा डबा मी ऑफिसच्या बॅगेत घेऊन जायला लागलो.

उरलेलं मिश्रण पातळ थापून फ्रीजरमध्ये ठेवलं की महिनाभर टिकतं, तुकडा मोडून देता येतो. पिशवीवर औषधाचं नाव आणि तारीख मोठ्या अक्षरात लिहा. थिजल्यावर ते हुबेहूब वडीसारखं दिसतं आणि घरात पाहुणे येत असतात.