घर बांधताय? मग माल कुठून येतोय ते आधी विचारा

मटेरियलसकट काम ठेकेदाराला दिलं की वाळू कुठली, वीट कुठली हे आपल्याला कळतच नाही, म्हणून अ‍ॅग्रीमेंट करतानाच लिहून घ्या की कुठला माल, कुठून आणि कुठल्या पावतीवर. कॉलम उभे राहिल्यावर बोलून काही उपयोग नसतो.

सगळ्यात जास्त डोकं वाळूवर लावा. नदीतून बेसुमार उपसा झाला की पात्र खोल जातं, काठच्या विहिरी आटतात, आणि हाच माल रात्री दोनला येतो आणि "पावती उद्या देतो साहेब" असं उत्तर मिळतं. सरळ क्रश सँड म्हणजे दगड फोडून केलेली वाळू घ्या, आयएस ३८३ या भारतीय मानकात तिला मान्यता आहे, फक्त व्हीएसआय मशीनची (दाणा गोलसर करणाऱ्या क्रशरची) आहे का ते विचारा कारण क्रशरची नुसती डस्ट पण क्रश सँड म्हणून गळ्यात मारतात. ७५ मायक्रॉनखालची भुकटी वजनाने १५ टक्क्यांपर्यंत चालते, सप्लायरकडून टेस्ट रिपोर्ट मागा, नाही म्हणाला तर दुसरा बघा. गाडी आली की वाहतूक पासवरचा गाडी नंबर, ब्रास (वाळू मोजायचं माप, १०० घनफूट) आणि तारीख-वेळ जुळवा. आणि टेप लावा हो, लाजू नका! लांबी, रुंदी, उंची फुटात मोजून गुणाकाराला १०० ने भागलं की ब्रास निघतात.

लाल विटेत शेतातली वरची चांगली माती जाते. कोराडी, चंद्रपूर, परळी, भुसावळ, एकलहरे असल्या थर्मल प्लांटच्या आसपास राहत असाल तर फ्लायअ‍ॅशची, म्हणजे तिथल्या जळालेल्या कोळशाच्या राखेची वीट घ्या, पण तीच वीट तीनशे किलोमीटरवरून ट्रकने आणणार असाल तर डिझेल जाळून काय मिळवलं, त्यापेक्षा जवळ जे चांगलं मिळतंय ते बघा.

सिमेंट पीपीसी (फ्लायअ‍ॅश मिसळलेलं) घ्या, त्यात १५ ते ३५ टक्के फ्लायअ‍ॅश असते म्हणजे भट्टीतलं क्लिंकर (दळून सिमेंट होतं ते भाजलेले खडे) तेवढं कमी लागतं. पण ते सावकाश पकडतं, आयएस ४५६ या काँक्रीटच्या मानकाप्रमाणे निदान १० दिवस पाणी मारायला हवं आणि मिस्त्री चौथ्या दिवशीच "झालं की" म्हणतो, सेंट्रिंग काढायची पण घाई करतो, तिथे अडून बसा.

सळई जालन्याची असेल तर ती बहुतेक भंगार वितळवूनच केलेली असते, ते चांगलंच आहे, फक्त आयएसआय मार्क आणि ग्रेड बघा आणि वजन करा. १२ मिमीची १२ मीटर सळई साधारण साडेदहा किलोच्या वर भरली पाहिजे, फारच कमी भरली तर परत पाठवा.

जुनं घर पाडून बांधताय? मग जेसीबी बोलवायच्या आधी सागवानी चौकटी, काळे दगड, फरशा हाताने काढून घ्या. उरलेल्या राडारोड्यातलं लाकूड, प्लास्टिक, पीओपी वेगळं करून विटा-काँक्रीटचा चुरा जोत्याच्या भरावात इंजिनिअरला विचारून वापरता येतो, पण थर पातळ टाका आणि प्रत्येक थराला पाणी मारून धुमस करा म्हणजे ठोकून घट्ट बसवा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात फरशी बसलीच म्हणून समजा.