पाम खुंटलाय? आधी सुरळीवर रेघ ओढा

माझा अरेका पाम दीड वर्ष होता तेवढाच होता. मरत नव्हता, वाढत नव्हता. त्या काळात मी त्याला चार वेळा खत घातलं. चारही वेळा चुकलं.

वाढ खरंच थांबली आहे का, हे नुसतं बघून कळत नाही. मधोमध न उघडलेल्या नव्या पानाची सुरळी असते, तिच्यावर आणि शेजारच्या जुन्या देठावर एकाच उंचीला मार्करने रेघ ओढा. जुना देठ आता वाढत नाही, त्यामुळे सुरळी वाढत असली तर तिची रेघ वर सरकलेली दिसते. दोन-तीन आठवडे थांबा. थंडीचे दिवस असतील तर आणखी थांबा. पारा १५ अंशांखाली गेला की घरातले बरेचसे पाम वाढ जवळजवळ थांबवतात. शिवाय केंटिया किंवा रॅपिस असेल तर तो जातीचाच संथ.

माझी रेघ भर उन्हाळ्यात तसूभरही हलली नाही.

पुढची परीक्षा सुरळीचीच. दोन बोटांत धरून हलकेच वर ओढा. अलगद सुटून हातात आली आणि बुडाशी काळपट, घाण वासाची निघाली, तर गाभा कुजलाय. पामच्या खोडाला वाढीचा शेंडा एकच असतो, तो गेला की ते खोड संपलं. झुपक्यातली बाकीची खोडं वाचू शकतात. शेंड्यात पाणी ओतायची सवय असेल तर ती आजच सोडा.

माझी सुरळी घट्ट होती, म्हणून कुंडी आडवी करून रोप बाहेर काढलं. वरची दोन बोटं माती कोरडी आणि खाली चिखल! कोकोपीटचा पार गाळ झाला होता, तळाचं भोक बुजलं होतं. खालची मुळं काळी, मऊ, चिमटीत धरली की साल निसटत होती. त्यात भर म्हणजे मागच्या वेळी रोप डुलू नये म्हणून मीच बुंधा तीन बोटं खोल पुरला होता. पामची नवी मुळं बुंध्यातूनच फुटतात. तो खोल गाडला की त्यांना हवा मिळत नाही.

सडलेली मुळं स्वच्छ कात्रीने कापा. चांगली मुळं, फिकट आणि टणक, त्यांना हात लावू नका, विंचरू तर नकाच. नवी कुंडी इंच-दोन इंचच मोठी घ्या. फार मोठीत माती ओलीच राहते. कोकोपीट, जाड वाळू किंवा पर्लाइट आणि थोडं गांडूळखत असं सैल मिश्रण भरा, बुंधा मातीच्या पातळीवरच ठेवा. भरपूर उजेड द्या, पण कडक ऊन नको. दोन महिने खत बंद.

मुळं ठणठणीत असतील तरच खताचा विचार करायचा, आणि तेव्हा पानं वाचायची. जुन्या झावळ्यांवर पिवळे-नारिंगी ठिपके आणि करपलेली टोकं दिसली तर पालाश (पोटॅश) कमी. जुन्याच पानांच्या कडेला रुंद पिवळा पट्टा आणि मध्ये हिरवं, तर मॅग्नेशियम. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोह; पण हे बहुतेकदा गुदमरलेल्या मुळांमुळेच होतं, म्हणजे पुन्हा कुंडीकडेच. अर्धवट पिवळी झावळी कापू नका. पालाश कमी असेल तर झाड त्यातूनच काढून नव्या पानाला देतं. (मी दिसेल ती कापत होतो. घर नीटनेटकं दिसायचं.) मातीवर क्षारांचा पांढरा थर जमला असेल तर निचरा नीट आहे हे बघून भरपूर साधं पाणी ओता आणि खालच्या ताटलीत साचलेलं फेकून द्या.

पानांच्या मागच्या बाजूला लाल कोळी किंवा पिठ्या ढेकूण या किडी नाहीत ना, तेवढं बघून ठेवा.

सहाव्या आठवड्यात माझी रेघ दीड सेंटिमीटर सरकली. सुरळी उघडली ती मात्र आधीच्या पानापेक्षा लहानच निघाली. ते पान वाईट दिवसांतच आत घडलेलं होतं. त्याच्या मागच्या सुरळीवर मी परत रेघ ओढली आहे.