मराठीत गेम स्ट्रीमिंग सुरू करणाऱ्यांसाठी

स्ट्रीमिंग, म्हणजे आपला गेम लोकांना लाइव्ह दाखवत खेळणं, सुरू करायचंय म्हणणारी मुलं मला सगळ्यात आधी विचारतात, "दादा, कुठला गेम खेळू?" प्रश्न रास्त आहे, पण त्यात महिने घालवू नका. 2 सप्टेंबर 2020 ला पबजी मोबाइलवर बंदी आली. फेब्रुवारी 2022 मध्ये फ्री फायर गेला. पबजीच्या जागी आलेला बीजीएमआय जुलै 2022 मध्ये स्टोअरवरून काढला गेला, तो मे 2023 मध्ये परत आला. 'त्या गेमचा भारी प्लेयर' एवढीच ज्यांची ओळख होती, त्यांची पंचाईत झाली. ज्यांच्या गप्पा ऐकायला लोक यायचे, त्यांनी दुसरा गेम लावला आणि लोक तिथेही आले.

2020 च्या लॉकडाउनमधलं बुद्धिबळ आठवा. समय रैना हा स्टँडअप कॉमेडियन यूट्यूबवर बुद्धिबळ खेळायला बसला. तो कुणी मास्टर नव्हता. आपल्या नाशिकचा ग्रँडमास्टर विदित गुजराथी त्याच्यासोबत यायचा. ज्यांनी शाळेनंतर पट उघडला नव्हता, तेसुद्धा बघायला लागले, कारण एक हौशी माणूस आणि एक दिग्गज यांच्यातली थट्टामस्करी त्यांना आपली वाटली. खेळातलं कौशल्य विदितकडे होतं, पण समयची स्ट्रीमर म्हणून ओळख बनली ती त्याच्या बोलण्यातून.

म्हणून सगळी मेहनत बोलण्यावर घ्या. सुरुवातीला बघणाऱ्यांचा आकडा शून्य दिसेल, तेव्हाही बोलत राहा. "डावीकडे जातो" एवढंच बोलून थांबू नका. "सुरक्षित झोन आक्रसतोय, उजवीकडे उघडं रान आहे, डावीकडच्या घरात एक जण आहे, पण त्याने आत्ताच अख्खी मॅगझिन रिकामी केलीय, रीलोड करायच्या आत घुसतो," असं मनात चाललेलं सगळं तोंडावाटे येऊ द्या. मधेच येऊन पडलेल्या माणसाला त्यामुळे दोन वाक्यांत डावात शिरता येतं. कुणी चॅटमध्ये लिहिलं की नाव घेऊन उत्तर द्या. जो नुसता बघतोय त्याला "बोला की राव" म्हणून टोचू नका. गप्प बसून बघणारेच पुढे रोजचे होतात, हे मी खूपदा पाहिलंय.

भाषेबद्दल माझं मत ठाम आहे. हिंदीत प्रेक्षक जास्त मिळतात, पण गर्दीही तितकीच. मराठीत बोलायला लागल्यावर मला माझी माणसं सापडली. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला 'राजी' हा गेम मी स्ट्रीमवर खेळत होतो. त्यात दुर्गेच्या गोष्टी सांगणारी भिंतीवरची चित्रं येतात. एका चित्रापाशी थांबलो, तर चॅटमध्ये एकाने तुळजापूरच्या गोंधळाची आठवण लिहिली, दुसऱ्याने आपल्या आजीने सांगितलेली गोष्ट. लढाई राहिली बाजूला, त्या संध्याकाळी आम्ही गप्पाच मारल्या. त्यातले बरेच जण आजही येतात. बोली लपवू नका. मालवणी असो, वऱ्हाडी असो की कोल्हापुरी, घरी बोलता तसंच बोला. नाव मात्र असं ठेवा की ते फोनवर मित्राला सांगता येईल. आकडे आणि अंडरस्कोरने भरलेलं नाव कुणी तोंडाने सांगत नाही.

सामानात पहिला खर्च माइकवर करा. चित्र थोडं अंधूक असलं तरी लोक चालवून घेतात, पंख्याची घरघर कुणी ऐकून घेत नाही. ओबीएस स्टुडिओ हे स्ट्रीमिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्यात अशी घरघर कमी करणारा नॉइज सप्रेशनचा फिल्टर आहे, तो लावा. 4500 केबीपीएसवर (सेकंदाला 4500 किलोबिट) स्ट्रीम केलं तर तासाला साधारण 2 जीबी डेटा जातो, मोबाइलच्या नेटवर असाल तर हिशेब आधी करा. लाइट जाणाऱ्या गावात राउटरला छोटा बॅकअप हवाच.

मुलींना एक गोष्ट आवर्जून सांगते माझी मॉडरेटर (चॅटवर लक्ष ठेवणारी) मैत्रीण: पहिल्या स्ट्रीमच्या आधीच ब्लॉक केलेल्या शब्दांची यादी भरून ठेवा, रोमन लिपीतल्या शिव्यांसकट. विश्वासातल्या दोघांना मॉडरेटर करा. चेहरा दाखवायलाच हवा असं नाही, नुसत्या आवाजावरही चॅनेल चालतं. गल्ली, कॉलेज, क्लासची वेळ स्ट्रीमवर कधीही बोलू नका. वय 16 पेक्षा कमी असेल, तर जुलै 2025 पासून यूट्यूबवर एकट्याने लाइव्ह जाता येत नाही, सोबत मोठं माणूस दिसावं लागतं.

पैसे उशिरा येतात. यूट्यूबवर सुपर चॅट (प्रेक्षकाने पैसे देऊन टाकलेला मेसेज) आणि मेंबरशिप (दरमहा पैसे देणारे सदस्य) सुरू व्हायला 500 सबस्क्रायबर, 90 दिवसांत 3 व्हिडिओ आणि वर्षभरात 3000 तासांचा वॉचटाइम लागतो (शॉर्ट्सचा मार्ग वेगळा). व्हिडिओवरच्या जाहिरातींचे पैसे मिळायला 1000 सबस्क्रायबर आणि 4000 तास. त्याआधीच पैसे लावून खेळायच्या अॅपवाल्यांचा 'आमची जाहिरात करा' असा मेसेज येईल. ऑगस्ट 2025 च्या कायद्याने अशा खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवरही बंदी आहे. जाहिरात केली तर 2 वर्षांपर्यंत कैद आणि 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम कितीही मोठी असली तरी सरळ नाही म्हणा. तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून पैसे लावणारा पोरगा तुमच्याच चॅटमधला असेल.