गाठीमुळं गेलेला कान आणि कानाचं मशीन : या चुका टाळा

"मॅडम, जरा ताकदीचं मशीन द्या." कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या कान तपासायच्या खोलीत हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ते पुरं व्हायच्या आत मी फाइलसाठी हात पुढं करते. वयामुळं कान मंद झालेल्या माणसाचं एक वेळ ठीक आहे. पण ज्यांच्या कानाच्या नसेवर गाठ होती किंवा अजून आहे, त्यांनी 'ताकद' हा शब्द काही दिवस बाजूला ठेवावा, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

या गाठीला अकॉस्टिक न्यूरोमा म्हणतात, डॉक्टरांच्या कागदावर व्हेस्टिब्युलर श्वानोमा. ती कॅन्सरची नसते. आतल्या कानाकडून मेंदूकडं जाणारी जी आठवी नस, तिच्या तोल सांभाळणाऱ्या फांदीवर ती वाढते आणि शेजारच्या ऐकण्याच्या फांदीला दाबते. बहुतेकांना एकाच बाजूला होते. म्हातारपणी कानातल्या पेशी झिजतात, इथं बिघाड नसेत असतो. विहिरीत पाणी आहे, मोटर चालू आहे, पण पाइप दबलीय. अशा वेळी मोटर बदलून रानात पाणी पोचत नाही. म्हणून ही माणसं म्हणतात, "आवाज येतोय की, पण काय बोलत्यात त्ये कळंना."

ऑपरेशनची फाइल घरी ठेवून येणं

तीन वर्षांमागं गुळाचे एक व्यापारी आले, साठीच्या पुढचे. डाव्या बाजूची गाठ परगावी जाऊन काढलेली. सोबत मुलगा, त्याच्या हातात मशीनचा डबा. मशीन चांगलं होतं, भरपूर ताकदीचं, पतसंस्थेतून कर्ज काढून घेतलेलं. "आण्णांना अजून कळंना झालंय, आवाज वाढवून द्या," मुलगा म्हणाला. जोडीला कुठंतरी काढलेला ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचा आलेख, होता. त्यात डाव्या कानाची रेघ 65 डेसिबलच्या आसपास. नुसता तो कागद बघितला तर कान मशीनला अगदी जोगा.

मी फाइल मागितली. "ती ऑपरेशनची हाय मॅडम, कानाची न्हाई. घरी हाय."

दुसऱ्या दिवशी फाइल आली. डिस्चार्ज कार्डावर पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं, ट्रान्सलॅबिरिंथाइन. म्हणजे सर्जननी आतल्या कानातूनच वाट काढून गाठ गाठली. मोठ्या गाठीला ही वाट बऱ्याचदा निवडतात, कारण चेहऱ्याची नस नीट दिसते आणि वाचवता येते. पण त्या वाटेनं गेल्यावर त्या बाजूचं ऐकणं उरत नाही. थोडंही नाही.

मग 65 डेसिबल आले कुठून? उजव्या कानातून. हेडफोनमधला आवाज साधारण 40 डेसिबलच्या वर गेला की कवटीच्या हाडातून पलीकडच्या कानाला पोचायला लागतो. डाव्या कानाची तपासणी चालू असताना आण्णांचा चांगला उजवा कान ते सूर ऐकत होता आणि आण्णा प्रामाणिकपणे बोट वर करत होते. हे टाळायला चांगल्या कानात मुद्दाम खरखर सोडतात, त्याला मास्किंग म्हणतात. ते कुणी केलंच नव्हतं. मी मास्किंग लावून परत तपासलं. तपासणीच्या यंत्राच्या शेवटच्या टोकापर्यंत आवाज नेला, आण्णांचं बोट हललं नाही.

"मग मशीन लावल्यावर मला आवाज येतोय त्यो कुठनं?" त्यांनी विचारलं. तोही उजव्या कानातच येत होता. मेलेल्या कानात ताकदीचं मशीन कोंबून ते डोकं ओलांडून आवाज पलीकडं ढकलत होते, म्हणून शिट्टी वाजायची आणि दुपारपर्यंत कपाळ धरायचं. मुलगा बराच वेळ डब्याकडं बघत बसला. परत द्यायची मुदत कधीच संपली होती. तो दिवस मला अजून त्रास देतो, कारण दोन मिनिटं फाइल वाचली असती तर हे घडलंच नसतं.

तेव्हापासून माझा नियम आहे, फाइल नाही तर तपासणी नाही. लोक चिडतात, गारगोटीहून दोन गाड्या बदलून आलोय म्हणतात. चिडू देत. तुम्ही कुणाकडंही गेलात तरी डिस्चार्ज कार्ड, एमआरआयचा रिपोर्ट आणि आधीचे सगळे ऑडिओग्राम बरोबर न्या. ऑडिओग्राम हातात आला की स्वतः बघा. मास्किंग न करता तपासलेल्या उजव्या कानाची खूण गोल असते, डाव्याची फुली. मास्किंग करून तपासलं असेल तर उजव्याला त्रिकोण, डाव्याला चौकोन. एक कान चांगला, दुसरा फार वाईट, आणि वाईट कानाच्या रेघेवर नुसते गोल किंवा फुल्या असतील, तर त्या कागदावर मशीन घेऊ नका.

नुसत्या सुरांवर मशीन ठरवणं

ही माझी दुसरी दुखरी जागा. 'पीं पीं' ऐकून बोट वर करणं म्हणजे अर्धी तपासणी. उरलेल्या अर्ध्या तपासणीत शब्द असतात, आणि गाठीच्या रुग्णात खरी गोष्ट शब्दच सांगतात. 25 शब्दांची यादी असते, एकेका शब्दाला 4 टक्के. मी तोंडासमोर भरतकामाची रिंग धरते, तिला पातळ कापड लावलेलं आहे, म्हणजे ओठ वाचता येत नाहीत. शब्द मराठीच हवेत. इंग्रजी यादी वाचून शिरोळच्या आजीला नापास करण्यात काय अर्थ?

सुरांची रेघ बरी, पण शब्द 25 पैकी 6, असं या गाठीत सर्रास दिसतं. त्यातही एक खोड आहे. आवाज वाढवत नेला तर एका टप्प्यानंतर शब्द समजणं वाढायच्या ऐवजी कमी होतं. याला रोलओव्हर म्हणतात आणि बिघाड नसेत असल्याची ती जुनी, ओळखीची खूण आहे. आता सांगा, अशा कानाला आणखी ताकद देऊन काय होणार?

ढोबळ हिशेब असा. शब्द 50 टक्क्यांच्या वर समजत असतील तर त्या कानाला साधं मशीन लावून बघण्यात अर्थ आहे, मग गाठ अजून आत असली आणि डॉक्टर नुसती नजर ठेवून असले तरी चालेल. मशीनच्या आवाजानं गाठ वाढत नाही, ही भीती काढून टाका. शब्द त्याच्या बरेच खाली असतील किंवा कान पूर्ण गेला असेल, तर क्रॉस नावाचा प्रकार बघा. त्यात बंद कानावर नुसता माइक असतो, तो तिकडचा आवाज बिनतारी चांगल्या कानाकडं पाठवतो. चांगला कानही थोडा मंद असेल तर बायक्रॉस. तिसरा मार्ग हाडातून आवाज नेणाऱ्या यंत्राचा. ते आधी डोक्याच्या पट्ट्यावर लावून बघता येतं, ते बसवायचं ऑपरेशन मागाहून.

शांत खोलीत ट्रायल घेऊन पैसे मोजणं

माझ्या खोलीत दार लावल्यावर क्रॉस सगळ्यांनाच आवडतं. म्हणून मी पेशंटला घेऊन खाली चहाच्या गाड्यावर जाते. बंद कानाच्या बाजूला उभी राहून बोलते, मग बाजू बदलते. नंतर यंत्र निदान दोन आठवडे घरी देते आणि सांगते, महाद्वार रोडला खरेदीला जा, मिसळीच्या दुकानात गर्दीच्या वेळी बसा, लग्नाच्या पंगतीला जा. दोन दिवसांत "काय फरक न्हाई" म्हणून परत आणणाऱ्यांचं मी ऐकून घेत नाही. मेंदूला एका कानात दोन बाजू ऐकायची सवय लागायला वेळ लागतो. तालमीत पहिल्या आठवड्यात कुणी कुस्ती मारतं का?

पण वेळ देऊनही काही गोष्टी मिळत नाहीत, त्या आधीच सांगितलेल्या बऱ्या. आवाज कुठून आला हे कळायला दोन कान लागतात. क्रॉसनं ते परत येत नाही. दाभोळकर कॉर्नरला रस्ता ओलांडताना हॉर्न कुठल्या बाजूचा हे कानावर सोडू नका, मान वळवून दोन्हीकडं बघा. आणि गोंगाट बंद कानाच्या बाजूला असेल तर क्रॉस तो गोंगाट उचलून चांगल्या कानात आणून ओततं. तेव्हा ते बंद करा किंवा जागा बदला. त्या गुळाच्या आण्णांनी पुढं क्रॉस वापरून बघितलं. पेढीवर बसल्यावर डावीकडचा माणूस काय म्हणतो ते कळायला लागलं. सौद्याच्या गलक्यात मात्र ते काढून खिशात ठेवतात. मला हा शहाणपणाचा वापर वाटतो.

मोटार चालवणाऱ्यांचं वेगळं. आपल्याकडं चालक उजवीकडं बसतो, म्हणजे डावा कान गेलेल्याला शेजारचं बोलणं कळत नाही. त्यांना मी क्रॉसचा आग्रह जरा जास्त करते.

चांगला कान बुजवणं

क्रॉसमध्ये चांगल्या कानातली कळी, म्हणजे कानात बसणारं मऊ टोक, उघडी, भोकाची हवी. घट्ट साचा बसवून एकुलता एक धड कान बंद करणारी माणसं मी पाहिली आहेत.

जुन्या ऑडिओग्रामवर नवं मशीन

गाठीवर नुसती नजर ठेवली असेल किंवा गामा नाइफ, म्हणजे न कापता किरणांचा उपचार, झालं असेल, तर ऐकणं पुढं काही वर्षं हळूहळू उतरू शकतं. दर सहा महिन्यांनी तपासून घ्या. आणि एखाद्या सकाळी कान एकदम गेला तर मशीनचा आवाज वाढवत बसू नका, त्याच दिवशी कान-नाक-घसा डॉक्टरांकडं जा. स्टेरॉइडचा उपयोग व्हायचा असेल तर तो पहिल्या काही दिवसांतच होतो.

पुढच्या एमआरआयचा विचार न करणं

गाठ काढली तरी वर्षानुवर्षं एमआरआय करावा लागतो. हाडातलं यंत्र कातडीखाली लोहचुंबकाचं असेल तर चित्रावर काळी सावली पडते, आणि ती नेमकी जिथं गाठ बघायची त्याच बाजूला. यंत्र पसंत करण्याआधी सर्जनला हे विचारा. साधं मशीन, क्रॉस काहीही असो, एमआरआयच्या खोलीत ते न्यायचं नाही.

बाकीचं थोडक्यात. ऑपरेशननंतर कानातून किंवा नाकातून पाण्यासारखं काही ठिबकत असेल तर मशीन राहू द्या, आधी सर्जनला गाठा. जखम भरल्याशिवाय कानामागं काही अडकवू नका. ऑनलाइन मिळणारं आवाज वाढवायचं डबडं या दुखण्यात पूर्ण वाया. तपासणाऱ्याकडं भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, हे विचारायला लाजू नका. एकच कान गेला असेल तर अपंगत्वाच्या दाखल्यासाठी सीपीआरला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, खेटे घालू नका, 2016 च्या कायद्यात दोन्ही कानांचं मोजमाप धरलंय.

सेल घालण्याआधी स्टिकर काढून मिनिटभर थांबा, त्याला हवा लागते. पावसाळ्यात रात्री मशीन सिलिकाच्या डबीत ठेवा. तांदळात नको, पीठ आत जातं. आणि जोतिबाच्या चैत्र यात्रेला जाताना मशीन घरीच ठेवा. माइकच्या बारीक भोकात गेलेला गुलाल ब्रशनं पुरता निघत नाही, दर वर्षी यात्रेनंतरच्या आठवड्यात माझ्या टेबलावर दोन-तीन गुलाबी मशीनं येतातच.