डिस्क ५०० जीबीची, मग ९८ जीबीतच फुल्ल कशी?

ऑफिसातल्या उबुंटू सर्व्हरवर बॅकअप अडकला. जागा किती भरली ते दाखवणारी 'डीएफ' कमांड म्हणे रूट (सिस्टिमचा मुख्य भाग) ९८ जीबी, १०० टक्के भरलेलं. डिस्क मात्र ५०० जीबीची! आधी सगळ्यांनी लॉग उडवायला घेतले, ते आमच्याकडचं ठरलेलं औषध.

मग व्हॉल्यूम ग्रुपची, म्हणजे डिस्कच्या जागेच्या सामायिक साठ्याची, माहिती देणारं 'व्हीजीएस' चालवलं. शेवटच्या 'व्हीफ्री' रकान्यात साडेतीनशे जीबीहून जास्त जागा निवांत पडलेली. 'डीएफ'ला फक्त फाइल सिस्टिम दिसते. व्हॉल्यूम ग्रुपमधली, कुणालाच न दिलेली जागा त्याच्या गावीही नसते. २०० जीबीहून मोठ्या डिस्कवर उबुंटू सर्व्हरचा इन्स्टॉलर एलव्हीएम (अशा साठ्यातून व्हॉल्यूमना जागा वाटणारी व्यवस्था) वापरताना रूटला आपणहून १०० जीबीच देतो, बाकी राखून ठेवतो. स्नॅपशॉटला, म्हणजे व्हॉल्यूमच्या त्या क्षणीच्या प्रतीला, हीच जागा लागते, म्हणून ते बरोबरच आहे. पण इन्स्टॉल करताना हे ठळक सांगायला काय जातं?

व्हॉल्यूम वाढवणाऱ्या 'एलव्हीएक्स्टेंड'ला 'अधिक १५० जी' आणि 'वजा आर' दिलं. 'वजा आर'मुळे आतली फाइल सिस्टिमही सोबत वाढते. नाहीतर व्हॉल्यूम मोठा होतो आणि 'डीएफ' तोच जुना आकडा दाखवत बसतं. सर्व्हर चालूच होता, रीबूटही नाही. उरलेली जागा मुद्दाम तशीच ठेवली: ईएक्सटी४ फाइल सिस्टिम नंतर आक्रसायची तर रूट अनमाउंट करावं लागतं, आणि एक्सएफएस ही दुसरी फाइल सिस्टिम असेल तर जवळपास विसराच.