इंजिनातून ऑइल गळतंय? आधी जागा शोधा, मग पाना उचला

रात्रभर मोटारसायकल उभी होती तिथे सकाळी काळा डाग दिसला, की बरेच जण एकतर दुर्लक्ष करतात किंवा हाताला लागेल तो बोल्ट आवळायला घेतात. दोन्ही चूक, पण दुसऱ्यात नुकसान जास्त. इंजिनाचं केसिंग ॲल्युमिनियमचं असतं आणि बोल्ट पोलादी. जोर पडला की आटे जातात ते केसिंगचे, आणि मग किरकोळ किमतीच्या वॉशरचं काम लेथवाल्यापर्यंत पोहोचतं.

उदाहरणासाठी आपण स्प्लेंडर धरू. ९७.२ सीसीचं हे इंजिन महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक गल्लीत आहे आणि त्याची रचना साधी आहे. बाकीच्या एअर-कूल्ड, म्हणजे वाऱ्याने गार होणाऱ्या, गाड्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

आधी खात्री करा, की हे इंजिन ऑइलच आहे

डागाखाली पुठ्ठा ठेवा. इंजिन ऑइल तपकिरी ते काळं, बोटाला गुळगुळीत लागतं. चेनवरून उडालेलं ऑइल चिकट असतं, त्यात माती मिसळलेली असते आणि ते डाव्या बाजूला, स्प्रॉकेटच्या कव्हरखाली साचतं. मालक इंजिन गळतंय म्हणून घाबरतो आणि प्रत्यक्षात चेनला नको इतकं ऑइल पाजलेलं असतं, असं पुष्कळदा होतं. पुढच्या चाकाजवळ, शॉकअपच्या नळीवर ओल असेल तर तो शॉकअपच्या सीलचा प्रश्न. पेट्रोलचा वास आला आणि गाडी कार्ब्युरेटरची असेल, तर तो ओव्हरफ्लो होतोय का ते बघा.

धुणं हीच खरी तपासणी

हा टप्पा कंटाळवाणा वाटतो म्हणून लोक तो टाळतात. पण मळलेल्या इंजिनावर गळती सापडत नाही, नुसता अंदाज बांधता येतो.

इंजिन पूर्ण गार होऊ द्या. मग डिझेल किंवा रॉकेल आणि जुना ब्रश घेऊन फिन्समधली (इंजिन गार ठेवणाऱ्या पात्यांमधली), कव्हरच्या कडांची, ड्रेन बोल्टभोवतीची सगळी घाण काढा. साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडं करा. ब्रेकच्या ड्रमवर आणि टायरवर डिझेल जाऊ देऊ नका. कोरड्या इंजिनावर, जिथे शंका आहे तिथे टाल्कम पावडर हलकेच भुरभुरवा. आता दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवून आणा, मधल्या स्टँडवर लावा आणि टॉर्च घेऊन बसा. पांढऱ्या पावडरवर ओली रेघ स्पष्ट उमटते.

थेंब पडतो ती जागा आणि गळतीची जागा सहसा वेगळी असते. ऑइल खाली उतरतं आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे सरकतं. म्हणून ओल जिथे सर्वांत वर आणि सर्वांत पुढे आहे, तिथपर्यंत माग काढा. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते, त्यामुळे उजवीकडून आलेला ओघळही डावीकडे टपकू शकतो.

कुठून गळतं

स्प्लेंडरचा सिलिंडर जवळजवळ आडवा आहे, त्यामुळे टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची) एक टोपी वर आणि एक खाली येते. खालच्या टोपीची ओ-रिंग उष्णतेने कडक होते, ऑइल पाझरून सायलेन्सरच्या पाइपवर पडतं आणि सिग्नलला थांबल्यावर धूर आणि जळका वास येतो. उपाय सोपा: गार इंजिनावर टोपी काढा, नवीन ओ-रिंगला ऑइलचं बोट लावा आणि बेताने बसवा. डिपस्टिकच्या ओ-रिंगचंही तसंच.

ड्रेन बोल्टमधून गळत असेल तर तो आवळू नका. ऑइल काढा आणि वॉशर नवीन घाला. तो दाबला जाऊन सील करतो, म्हणून जुना परत चालत नाही. आटेच गेले असतील तर हेलिकॉइल, म्हणजे तारेचे नवे आटे, बसवून घ्या. एम-सील थापणं म्हणजे गावापर्यंत पोहोचण्यापुरती सोय.

उजवीकडचं क्लच कव्हर सगळ्या कडेने ओलं असेल तर पॅकिंग (कव्हर आणि केसिंगमधलं गॅस्केट) गेलं. फक्त किकच्या दांड्याभोवती ओल असेल तर ऑइल सील, म्हणजे दांड्याभोवतीचं रबरी कडं, गेलं. पॅकिंगचं काम घरी होतं, पण घाई नको. ऑइल काढा. किक, फूटरेस्ट आणि आड येत असेल ते सोडवा. बोल्ट एकदम न काढता समोरासमोरचे थोडे थोडे सैल करा. त्यांची लांबी सारखी नसते, म्हणून पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून ज्या जागचा बोल्ट त्या जागी खोचून ठेवा. लांब बोल्ट चुकीच्या भोकात गेला तर केसिंग फुटतं.

जुनं पॅकिंग चिकटलेलं असतं. स्क्रूड्रायव्हरने खरवडलं तर ॲल्युमिनियमवर चरा पडतो आणि तीच पुढची गळती. पॅकिंग भिजवून प्लास्टिकच्या पट्टीने काढा, दोन्ही बाजू पुसून कोरड्या करा, डॉवेल पिन (कव्हर नेमकं बसवणाऱ्या छोट्या खिळ्या) जागेवर आहेत का ते पाहा. नवीन पॅकिंग चांगलं असेल तर सिलिकॉनची गरज नाही. हे मी आग्रहाने सांगतो, कारण गॅरेजमध्ये सिलिकॉनचा थर सढळ हाताने दिला जातो. जास्तीचं सिलिकॉन आतल्या बाजूला निघतं, तुटतं आणि ऑइलच्या जाळीत अडकतं. मग इंजिनाला ऑइल कमी पडतं. त्यापेक्षा गळती परवडली.

डावीकडे स्प्रॉकेटमागे आणि गिअरच्या दांड्यावर ऑइल सील असतात. नवीन सीलच्या ओठाला ग्रीस लावा, स्प्रिंगची बाजू आत ठेवा आणि मापाच्या गोटीने (सॉकेटने) सरळ दाबा. स्प्रॉकेटचं सील वारंवार जात असेल तर चेन जास्त ताणलेली नाही ना, ते बघा. ताणामुळे बेअरिंग झिजतं, शाफ्ट हलतो आणि नवीन सीलही टिकत नाही.

सिलिंडर आणि हेडच्या मधून ओल येत असेल तर मात्र गाडी चांगल्या मेकॅनिककडे न्या. तिथे टायमिंगची चेन सोडवावी लागते आणि नट ठरावीक टॉर्कनेच आवळावे लागतात.

भरताना

मॅन्युअलमध्ये दिलंय तेवढंच ऑइल भरा. स्प्लेंडरला १०डब्ल्यू-३०, जेएएसओ एमए (ओल्या क्लचच्या मोटारसायकलींसाठीच्या) दर्जाचं. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवा, थोडं थांबा आणि गाडी सरळ उभी ठेवून पातळी बघा. डिपस्टिक न फिरवता नुसती टेकवून मोजायची असते. काढलेलं ऑइल गटारात ओतू नका, डब्यात भरून गॅरेजला द्या. केंद्राच्या घातक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं.

एक जागा दुरुस्त केली की दुसरी गळायला लागते, असं होत असेल तर सील बदलत बसू नका. आधी ऑइल जास्त भरलंय का ते बघा. मग ब्रीदरची (इंजिनातला दाब बाहेर सोडणारी) नळी काढून ती मातीने बुजली आहे का, कुठे मुडपली आहे का ते तपासा. ती बंद असली की आतला दाब ऑइलला मिळेल त्या फटीतून बाहेर ढकलतो. नळी मोकळी आहे, तरी एअर फिल्टरच्या डब्यात ऑइल येतंय आणि सायलेन्सरमधून निळसर धूर निघतोय, तर पिस्टनच्या रिंग झिजल्या असाव्यात. मेकॅनिकला कॉम्प्रेशन तपासायला सांगा.